कोरोनाची साथ 'ब्लॅक स्वान' होती का? हा शब्द लोकप्रिय करणारे तालेब 'नाही' का म्हणतात?

शेअर बाजार कोसळला किंवा कुठे युद्ध पेटलं की सोशल मीडियावर 'ब्लॅक स्वान' हा शब्द फिरायला लागतो. 2020 मध्ये कोरोनाच्या वेळीही तेच झालं. पण ज्यांच्या पुस्तकामुळे हा शब्द लोकप्रिय झाला, ते नसीम निकोलस तालेब म्हणाले, ही साथ 'ब्लॅक स्वान' नाहीच. 2007 साली आलेल्या 'द ब्लॅक स्वान' या पुस्तकात त्यामागचं कारण सापडतं.

हे नाव कुठून आलं?

युरोपात शेकडो वर्षं लोकांनी फक्त पांढरेच हंस पाहिले होते. 1697 मध्ये डच दर्यावर्दी विलेम द व्लामिंग पश्चिम ऑस्ट्रेलियात पोहोचले आणि तिथे काळे हंस दिसले. एवढ्या वर्षांची खात्री एका क्षणात मोडली.

तालेब यांच्या मते 'ब्लॅक स्वान' घटनेची तीन लक्षणं असतात:

1. आधीच्या अनुभवावरून तिची कल्पना येत नाही.
2. तिचा परिणाम प्रचंड असतो, मग तो चांगला असो वा वाईट.
3. घडून गेल्यावर 'हे तर होणारच होतं' अशी कारणं लोक शोधून काढतात.

टर्कीची गोष्ट

पुस्तकातलं सर्वात गाजलेलं उदाहरण टर्की या पक्ष्याचं आहे. मालक त्याला 1000 दिवस रोज खायला घालतो. दर दिवसागणिक मालकावरचा त्याचा विश्वास वाढतो. मग अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण येतो आणि त्याच्या मानेवर सुरी फिरते. म्हणजे विश्वास सर्वात जास्त होता, तेव्हाच धोकाही सर्वात मोठा होता.

ही घटना टर्कीसाठी 'ब्लॅक स्वान' आहे, खाटकासाठी नाही. कारण त्याला तारीख आधीच माहीत होती. कोरोनाचंही तसंच. जगाने याआधीही साथी पाहिल्या होत्या, तज्ज्ञांनी इशारे दिले होते. जानेवारी 2020 मध्ये तालेब यांनीही दोन सहकाऱ्यांसोबत धोक्याची सूचना देणारं टिपण लिहिलं होतं. म्हणून ते या साथीला 'व्हाइट स्वान' म्हणतात.

न दिसणारे लोक

जे जिंकले त्यांच्याच कहाण्या आपल्यापर्यंत येतात, हरलेले दिसत नाहीत, हा पुस्तकातला आणखी एक मुद्दा. फायद्याचे स्क्रीनशॉट फीडवर रोज दिसतात. मात्र सेबीच्या अभ्यासानुसार, 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत शेअर्सच्या एफ अँड ओमध्ये 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. तोट्याचे स्क्रीनशॉट सहसा कुणी टाकत नाही.

मग करायचं काय?

पुढचा 'ब्लॅक स्वान' कोणता, हे पुस्तक सांगत नाही. तालेब सुचवतात ती 'बारबेल' पद्धत: 85 ते 90 टक्के पैसा अतिशय सुरक्षित ठिकाणी आणि उरलेला 10 ते 15 टक्के मोठ्या जोखमीत. ही जोखीम फसली तरी माणूस बुडत नाही. अर्थात, ही पद्धत प्रत्येकाला जमेलच असं नाही. ज्याचा पगार महिनाअखेर संपतो, त्याच्याकडे विभागायला पैसाच नसतो.

पुस्तक वाचताना काय लक्षात ठेवाल?

त्यात भेटणारी लेखिका येवगेनिया हे काल्पनिक पात्र आहे. अर्थतज्ज्ञांवरची टीका बोचरी आहे आणि तिसऱ्या भागात गणित जास्त आहे. तिथे अडलात तरी मूळ मुद्दा हातचा जात नाही: एखादी गोष्ट घडेल की नाही, हे सांगणं अवघड असतं. ती घडली तर आपल्याला झेपेल का, हे मात्र आजच तपासता येतं.