मेंढीचे मांस व उपपदार्थ : महाराष्ट्रातील पोषणमूल्य आणि सामाजिक मूल्य यांचा ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

आहाराचा इतिहास हा केवळ पाककृतींचा इतिहास नव्हे. समाजात कोणाच्या ताटात काय पडते आणि का पडते, याचाही तो इतिहास असतो. डोंबिवली शहराचेच उदाहरण घेता येईल. आगरी-कोळ्यांची जुनी गावठाणे आणि रेल्वेच्या आधाराने वाढलेली मध्यमवर्गीय वस्ती, अशा दोन प्रवाहांतून हे शहर घडले. आषाढ अमावास्येला, श्रावण लागण्यापूर्वी, येथील मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. मागणी प्रामुख्याने मांडी, छाती, चाप या भागांना असते. वजडी, मुंडी आणि पाय यांचा भाव निराळा व कमी असतो आणि अनेक घरांत त्यांचे नावही काढले जात नाही. हा फरक पोषणमूल्यावर आधारलेला आहे काय, असा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारला आहे.

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. ‘मटण’ हा इंग्रजीतून आलेला शब्द मूळचा मेंढीच्या मांसाचा वाचक. आपल्याकडे तो बोकडाच्या मांसालाही सर्रास लावला जातो. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या, तर सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या होत्या. त्यामुळे मेंढीचा विचार करताना शेळीला पूर्णतः वगळता येत नाही. येथे भर मेंढीवर असला, तरी ज्या साधनांत दोन्ही प्राणी एकत्र येतात तेथे तसा उल्लेख केला आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

(१) महाराष्ट्रातील मेंढीच्या मांसाहाराची ऐतिहासिक पार्श्वभूमी तपासणे.
(२) यकृत, रक्त, आतडी, पाय इत्यादी उपपदार्थांचे पोषणमूल्य आधुनिक आहारशास्त्राच्या आधारे समजून घेणे.
(३) पोषणमूल्य व सामाजिक मूल्य यांच्यातील विसंगतीची कारणे शोधणे.

३. प्रागैतिहासिक पुरावा

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा काळ इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० असा मानला जातो. उत्खननात सापडलेल्या प्राण्यांच्या अस्थींत गुरांबरोबर शेळ्या-मेंढ्यांच्या अस्थीही आहेत. या दोन प्राण्यांची हाडे एकमेकांपासून वेगळी ओळखणे कठीण असल्याने पुरातत्त्वज्ञ बहुधा त्यांची एकत्र नोंद करतात. अनेक हाडांवर कापल्याच्या व भाजल्याच्या खुणा आहेत आणि काही हाडे मगजासाठी फोडलेली दिसतात. म्हणजे केवळ मांसच नव्हे, तर प्राण्याचा शक्य तेवढा भाग अन्न म्हणून वापरला जात होता.

उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इ.स.पू. सुमारे १००० नंतर, येथील शेती खालावली आणि लोक शेळ्या-मेंढ्यांच्या पालनाकडे अधिक वळले. वाढत्या अवर्षणामुळे हे घडले, अशी मांडणी डॉ. म. के. ढवळीकर यांनी केली आहे. दुष्काळी पठारावर मेंढी हा चैनीचा नव्हे, तर तगून राहण्याचा आधार होता, असे यावरून म्हणता येईल.

४. वैद्यक आणि राजाचा मुदपाकखाना

प्राचीन वैद्यकग्रंथांनी प्राण्यांच्या मांसाचे गुण बारकाईने वेगळे केले आहेत. चरकसंहितेत मेंढीचे मांस गुरू, म्हणजे पचण्यास जड, व बृंहण, म्हणजे शरीर पुष्ट करणारे मानले आहे. बोकडाचे मांस तुलनेने सौम्य व मानवी धातूंशी जुळणारे सांगितले आहे. याहून महत्त्वाची नोंद सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. तेथे नक्तांध्य, म्हणजे रातांधळेपणा, या विकारावर बोकडाच्या यकृताचा उपयोग सांगितला आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो आणि यकृतात ते विपुल असते, हे आधुनिक विज्ञानाने विसाव्या शतकात सिद्ध केले. कारण ठाऊक नसतानाही गुण मात्र अनुभवाने ओळखला गेला होता.

मध्ययुगातील साक्ष ‘मानसोल्लास’ या ग्रंथाची आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ च्या सुमारास तो रचला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. आपले ठाणे जिल्ह्यातील कल्याण नव्हे. या ग्रंथाच्या अन्नभोग प्रकरणात यकृताचे लहान तुकडे निखाऱ्यावर भाजून मसाल्यात मुरवण्याची कृती आहे. आतडी भरून भाजण्याचे आणि रक्त वापरून मांस शिजवण्याचे प्रकारही त्यात येतात. बाराव्या शतकातील राजाच्या ताटात यकृत, आतडी व रक्त सन्मानाने वाढले जात होते, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. उपपदार्थ स्वभावतः हीन असतात, या समजुतीला येथेच छेद जातो.

५. धनगर, गावगाडा आणि वाटे

दख्खनी मेंढी ही कोरड्या पठाराची जात होय. कोकणातील मुसळधार पाऊस तिला मानवत नाही. म्हणून धनगरांचे वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात व पावसाळ्यापूर्वी परत जातात. शेतात मेंढ्या बसवून खत द्यायचे आणि मोबदल्यात धान्य घ्यायचे, ही देवघेव दीर्घकाळ चालत आलेली आहे. मेंढपाळाच्या दृष्टीने कळप हे भांडवल असते. नर कोकरे तीन-चार महिन्यांची झाली की बहुधा विकली जातात. मेंढपाळाच्या स्वतःच्या ताटात मांस येते ते मुख्यतः जत्रेच्या, नवसाच्या किंवा पाहुण्यांच्या निमित्ताने. बिरोबा, म्हसोबा, खंडोबा या दैवतांशी असलेल्या या पशुपालक जीवनाच्या नात्याचा सविस्तर अभ्यास गुंथर सोन्थायमर यांनी केला आहे.

बळीच्या प्राण्याची वाटणी मात्र समान नसे. मुलाणी हलाल करी व त्याचा वाटा घेई. इतर बलुतेदारांचे हक्क ठरलेले असत. मानाचे भाग मानकऱ्यांकडे जात आणि आतडी, रक्त, पाय यांसारखे भाग उतरंडीच्या तळाशी असलेल्यांकडे येत. ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात त्रिं. ना. आत्रे यांनी अशा हक्कांच्या व्यवस्थेचे चित्रण केले आहे. शरीराच्या भागांची ही श्रेणी समाजाच्या श्रेणीचेच प्रतिबिंब होती. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील महार व मांग समाजांची खाद्यसंस्कृती प्रथमच इतक्या तपशिलाने नोंदवली. जे इतरांनी टाकाऊ ठरवले, त्यातून पोषण मिळवण्याचे कौशल्य या समाजांनी कसे जोपासले, हे त्यातून दिसते. आपल्या प्रचलित पाकग्रंथांत या कौशल्याला फारसे स्थान मिळालेले नाही.

६. मुंबईतील एक वैद्यकीय अध्याय

विसाव्या शतकात यकृताला जागतिक प्रतिष्ठा लाभली. १९२६ मध्ये अमेरिकेतील मायनॉट व मर्फी यांनी घातक पांडुरोगाच्या रुग्णांना भरपूर यकृत खाऊ घालून बरे केले. व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृतातील तो घटक, म्हणजे ‘ब-१२’ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये वेगळा करण्यात आला.

या इतिहासाचा एक धागा मुंबईत गुंफलेला आहे. ब्रिटिश संशोधक डॉ. ल्युसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या. हाफकिन संस्थेच्या आधाराने त्यांनी गरोदर स्त्रियांतील गंभीर पांडुरोगाचा अभ्यास केला. त्यांच्या रुग्णांत गिरणीकामगार व गरीब वस्तीतील स्त्रिया होत्या. यकृताचा अर्क गुणकारी असला तरी गरिबांना परवडणारा नव्हता. म्हणून त्यांनी स्वस्त पर्याय शोधला आणि १९३१ मध्ये यीस्टच्या अर्काने हा पांडुरोग बरा होतो, असे प्रसिद्ध केले. त्यातील घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. मेंढीच्या यकृतात लोह, ‘ब-१२’ आणि फॉलिक आम्ल हे रक्तनिर्मितीचे तिन्ही घटक एकत्र आढळतात. मुंबईच्या गिरणगावातील स्त्रियांच्या रक्तक्षयाने जगाच्या आहारशास्त्रात भर घातली, हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

७. कोष्टकांची साक्ष

भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे पद्धतशीर संकलन कुन्नूर येथे १९३७ मध्ये ॲक्रॉइड यांच्या पुस्तिकेने सुरू झाले. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील सी. गोपालन व सहकाऱ्यांची कोष्टके १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली व ती अनेक पिढ्यांनी वापरली. त्यांनुसार १०० ग्रॅम मेंढीच्या मांसात १८.५ ग्रॅम प्रथिने, १३.३ ग्रॅम स्निग्धांश, २.५ मिलिग्रॅम लोह आणि १९४ किलोकॅलरी ऊर्जा असते. तेवढ्याच यकृतात १९.३ ग्रॅम प्रथिने, ७.५ ग्रॅम स्निग्धांश, ६.३ मिलिग्रॅम लोह आणि १५० किलोकॅलरी ऊर्जा असते. म्हणजे यकृतात स्निग्धांश जवळपास निम्मा, तर लोह अडीचपट आहे. शिवाय त्यात ‘अ’ जीवनसत्त्व साडेसहा हजार मायक्रोग्रॅमहून अधिक असते. प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज एक हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. मांस व रक्तातील लोहाचा काही भाग ‘हीम’ स्वरूपात असतो आणि तो पालेभाज्यांतील लोहापेक्षा शरीरात अधिक शोषला जातो.

सर्वच उपपदार्थ मात्र सारखे नाहीत. वजडीतून प्रथिने व ‘ब-१२’ मिळते. पायांच्या रश्श्याने हाडे जुळतात, हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. त्यात मुख्यतः जिलेटिन असते, ते अपूर्ण प्रथिन होय, आणि हाडांतील कॅल्शियम पाण्यात फारच थोडे उतरते. भेजा ‘ब-१२’ ने समृद्ध असला तरी १०० ग्रॅममागे त्यातील कोलेस्टेरॉल एक हजार मिलिग्रॅमहून अधिक असते.

८. मर्यादा

या विवेचनाचा अर्थ प्रत्येकाने मांसाहार करावा असा नाही. तो व्यक्तीच्या श्रद्धेचा व निवडीचा प्रश्न आहे. शाकाहारी व्यक्तीला दूध, कडधान्ये व आवश्यक तेथे पूरक औषधे यांतून पोषण साधता येते. मात्र ‘ब-१२’ चा अभाव हा महाराष्ट्रात दुर्लक्षण्याजोगा विषय नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात अनेक गरोदर स्त्रियांत ही कमतरता आढळली होती. गरोदरपणात यकृताचे अतिसेवनही टाळावे लागते. ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला घातक ठरू शकतो. मेंढीच्या यकृतात कृमी वा जलग्रंथी आढळू शकतात. म्हणून अवयवांची पशुवैद्यकीय तपासणी, स्वच्छता आणि नीट शिजवणे अनिवार्य आहे.

९. निष्कर्ष

(१) इनामगावच्या वसाहतीपासून मेंढी ही महाराष्ट्राच्या कोरड्या प्रदेशाची अन्नसुरक्षा राहिली आहे.
(२) उपपदार्थांचे गुण वैद्यकाला, राजाच्या स्वयंपाकघराला आणि तळाच्या समाजांनाही ठाऊक होते. त्यांना आलेले हीनत्व पदार्थातून नव्हे, तर ते खाणाऱ्यांच्या सामाजिक स्थानातून आले.
(३) यकृत व रक्त यांच्याबाबत पोषणमूल्य आणि सामाजिक मूल्य परस्परविरुद्ध दिशांना गेलेले दिसतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. आपल्या महाविद्यालयांतील हिमोग्लोबिन तपासणी शिबिरांतही अशा विद्यार्थिनी समोर येतात. त्यांना आपण बीट, खजूर व पालक सांगतो. ते योग्यच आहे. परंतु ज्या विद्यार्थिनीच्या घरी वजडी किंवा रक्ती शिजते, तिने ते सांगताना मान खाली घालावी लागू नये. तिच्या आईच्या स्वयंपाकात पोषणाचे ज्ञान आहे, एवढे तिला वर्गात ऐकू यावे, ही जबाबदारी इतिहास व आहारशास्त्र या दोन्ही विषयांच्या अध्यापकांची आहे.