जाड मूल आणि 'हार्मोन'चा प्रॉब्लेम

मूल जाड असलं की आपल्याकडे दोनच निदानं होतात. आजीचं, "खात्यापित्या घरचं आहे". आणि आईचं, "हार्मोनचा काहीतरी प्रॉब्लेम असणार". यातल्या दुसऱ्या निदानाला शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे.

१९०१ साली व्हिएन्नाच्या आल्फ्रेड फ्रोलिख या डॉक्टरने १४ वर्षांच्या एका मुलाची केस मांडली. मुलगा लठ्ठ, वयात येण्याची चिन्हं नाहीत, डोकं दुखतंय, नजर कमी होत चाललीय. दोष होता पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीत. निदान चोख होतं. पण झालं काय, की पुढची काही दशकं जाड मुलगा दिसला की 'फ्रोलिख'चा शिक्का मारायचा आणि ग्रंथींचे अर्क द्यायचे, असा प्रघात पडला!

नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून न्यूयॉर्कला आलेल्या हिल्डे ब्रूख या डॉक्टरीणबाईंनी मग साधं काम केलं. लठ्ठ मुलं नीट मोजली. १९३९ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की यातली बहुतेक मुलं वयाच्या मानाने उंच आहेत आणि वयातही वेळेवर, किंबहुना लवकर येतायत. म्हणजे ग्रंथी बिघडलेल्या नाहीत.

आणि इथेच निदानाची किल्ली आहे. जास्त खाण्याने वाढलेल्या वजनाबरोबर उंचीही वाढते. थायरॉइड कमी पडलं, कुशिंग असलं किंवा ग्रोथ हार्मोन कमी असलं तर वजन वाढतं, पण उंची अडते. २०१७ च्या एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: उंचीची वाढ मंदावली नसेल तर लठ्ठ मुलाच्या सरसकट हार्मोन तपासण्या करू नका. आमच्या भाषेत, डिबगिंगच्या आधी लॉग वाचा.

हा लॉग वाचायचा तक्ता आपल्याकडे तयार व्हायला पुण्याचा मोठा हातभार लागला. जहांगीर हॉस्पिटलचे डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा सहभाग असलेले भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे तक्ते २०१५ मध्ये आले. १४ शहरांतल्या ८७,०२२ मुलांची मापं जमवली आणि त्यातून अतिवजनाची मुलं वगळली. नाहीतर जाडी हीच 'नॉर्मल' ठरली असती!

हे सगळं वाचायला बसलो ते पुतण्यामुळे. इथे मारुंजीत, वहिनीने पॅकेजमधली तपासणी करून घेतली. टीएसएच किंचित जास्त. घरात सगळ्यांनी जणू सुटकेचा निःश्वास टाकला, दोष 'थायरॉइड'चा! डॉक्टरांनी मात्र शाळेतल्या उंचीच्या जुन्या नोंदी मागवल्या. पोरगा दर वर्षी ६ सेंटिमीटर वाढतोय, वर्गात उंचांपैकी एक. टीएसएचची अशी किरकोळ वाढ बऱ्याचदा लठ्ठपणाचं कारण नसून परिणाम असते, वजन उतरलं की तीही उतरते. गोळी मिळाली नाही. रात्रीची बिस्किटं मात्र बंद झाली.

खरी काळजी करायची ती दुसऱ्याच मुलाची. थोडंसंच गुबगुबीत, शांत, कुणाच्या डोळ्यावर न येणारं. पण दोन वर्षं ज्याची चप्पल लहान होत नाही. त्याच्यासाठी रक्ततपासणी उशिरा होणं महागात पडतं.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने दर वाढदिवसाला एक रेघ मारा. तारीख टाकायला विसरू नका.