गोपनीय, पण कोणापासून?

सेवेत नवीन असताना 'गोपनीय' हा शिक्का मला अधिकाराचे लक्षण वाटे. पुढे उमगले की तो मारण्यापूर्वी स्वतःला विचारले पाहिजे : ही माहिती नेमकी कोणापासून राखायची? कोलकात्याच्या ताग उद्योगाचा इतिहास वाचताना हा प्रश्न पुन्हा समोर आला.

तेथील ताग गिरण्यांनी १८८४ साली आपला संघ स्थापन केला. माल फार आणि भाव पडलेले, म्हणून १८८६ पासून गिरण्यांनी आपसांत ठरवून कामाचे तास कमी केले. १९३१ मध्ये तर काही माग मोहोरबंद करण्यात आले. असा करार टिकवायचा तर कोणाचे माग किती आणि ते किती तास चालतात, हे एकमेकांना ठाऊक असावे लागते. स्पर्धकांमधील हे गुपित संपले, की त्याची झळ ताग पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आणि गोणपाट घेणाऱ्या ग्राहकाला बसते.

१९६४ साली नेमलेल्या मक्तेदारी चौकशी आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदाचरण दासगुप्ता हे कलकत्ता उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या अहवालातून १९६९ चा मक्तेदारी नियंत्रण कायदा आला. २००२ च्या स्पर्धा कायद्याने पुढे त्याची जागा घेतली. आता उत्पादनखर्च, ग्राहकांच्या याद्या, दर हे सारे चौकशीच्या निमित्ताने शासनाच्याच दप्तरी जमा होऊ लागले. हे दप्तर प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेले, तर संगनमत मोडण्यासाठी नेमलेली यंत्रणाच संगनमताची सोय करून देईल. म्हणून स्पर्धा कायद्याच्या कलम ५७ नुसार, कायद्याच्या प्रयोजनाखेरीज अशी माहिती त्या उद्योगाच्या लेखी परवानगीवाचून उघड करता येत नाही.

परंतु ज्याच्यावर आरोप आहे त्याला पुरावाच दाखवला नाही, तर त्याने बचाव कशाचा करावा? या पेचातून २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने 'गोपनीयता-वर्तुळा'ची वाट काढली : पक्षकारांच्या ठरावीक प्रतिनिधींनी हमीपत्र देऊन कागद पाहावेत आणि त्यातील मजकूर वर्तुळाबाहेर जाऊ देऊ नये.

मला मात्र २००९ च्या विनियमांतील एक साधी अट अधिक मोलाची वाटते. गोपनीयता मागणाऱ्याने तिचे सबळ कारण द्यावे आणि शक्यतो ती केव्हा संपेल तो दिनांकही सांगावा. आपल्या कचेऱ्यांतील कपाटांत कारण आणि मुदत नसलेले शिक्के किती असतील, याचा प्रत्येक अधिकाऱ्याने एकदा शोध घ्यावा. ज्या गुपिताचे कारण सांगता येत नाही, ते बहुधा जनतेच्या नव्हे, आपल्याच सोयीसाठी राखलेले असते.