एका मंगळयानाच्या विलंबाचा इतिहास

शास्त्रीय उपक्रमांचा इतिहास बहुधा त्यांच्या यशाकडून मागे वाचला जातो. यान पोहोचले की त्यापूर्वीची सारी वर्षे ही त्या दिवसाची पूर्वतयारी ठरतात. जे यान अद्याप निघालेच नाही, त्याचा इतिहास असा लिहिता येत नाही. आणि म्हणूनच तो विशेष अभ्यसनीय आहे. युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘एक्झोमार्स’ योजनेतील ‘रोझालिंड फ्रँकलिन’ हे मंगळावर फिरावयाचे वाहन, म्हणजे रोव्हर, याचे उत्तम उदाहरण होय. २००५ च्या डिसेंबरात बर्लिन येथे सदस्यराष्ट्रांच्या मंत्र्यांनी त्यास मान्यता दिली, तेव्हा प्रस्थानाचे वर्ष २०११ ठरले होते. आजचे नियोजित वर्ष २०२८ आहे.

मंगळ हा दुर्गम ग्रह आहे, एवढ्याने या सतरा वर्षांचा उलगडा होत नाही. येथे दोन पंचांगे एकाच वेळी चालू असतात, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. पृथ्वी व मंगळ यांची अनुकूल स्थिती सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते. शासनांची अंदाजपत्रके मात्र दरवर्षी मांडली जातात, आणि युद्धांस तर पंचांगच नसते. त्यामुळे एखाद्या राजधानीत एका दुपारी झालेला निर्णय मंगळाच्या हिशेबात किमान सव्वादोन वर्षांचा होऊन बसतो.

आरंभीची कहाणी पैशाची आहे. योजनेचा व्याप वाढला तसा खर्च वाढला. २०११ चे २०१३ झाले, २०१३ चे २०१६. २००८ साली हेग येथे मंत्र्यांनी एक अब्ज युरोंची मर्यादा घातली. पुढच्याच वर्षी, ग्रहाच्या अंतर्भागाचा अभ्यास करणारा ‘हम्बोल्ट’ हा उपकरणसंच वगळण्यात आला. मर्यादेत बसावयाचे तर भागीदार हवा होता, आणि २००९ मध्ये तो नासाच्या रूपाने लाभला. २०१८ साली एक युरोपीय व एक अमेरिकन असे दोन रोव्हर एकत्र जावयाचे होते. २०११ पर्यंत द्रव्याभावी त्या दोहोंचा एक करावा लागला, आणि २०१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अंदाजपत्रकातून ही भागीदारीच नाहीशी झाली. जेम्स वेब दुर्बिणीचा फुगलेला खर्च हे त्याचे एक कारण होते.

मग युरोप रशियाकडे वळला. १४ मार्च २०१३ रोजी करार झाला. बरोबर तीन वर्षांनी, १४ मार्च २०१६ रोजी, बायकोनूरहून पहिले यान निघाले. त्यातील परिभ्रमक मंगळाच्या कक्षेत स्थिरावला. त्याच्यासवे गेलेले ‘स्कियापारेली’ हे प्रायोगिक अवतरणयान मात्र १९ ऑक्टोबरला पृष्ठभागावर आदळून नष्ट झाले. त्या वर्षीच्या डिसेंबरात ल्यूसर्न येथे मंत्र्यांनी आणखी ४३.६ कोटी युरो दिले, हे त्यांच्या पदरी घातलेच पाहिजे. पुढील दोन मुक्काम राजकीय नव्हेत, हेही प्रामाणिकपणे नोंदविणे भाग आहे. २०१८ ची संधी गेली ती भाग वेळेवर तयार न झाल्याने. २०२० ची गेली ती मुख्यतः २०१९ मधील चाचण्यांत फाटलेल्या हवाई छत्र्यांमुळे व अपुऱ्या राहिलेल्या तपासण्यांमुळे, आणि त्यात साथीची भर पडली.

२०२२ साली रोव्हर सज्ज होता. सप्टेंबरात निघावयाचा, २४ फेब्रुवारीस रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. त्यानंतरच्या अधिकृत निवेदनांची भाषा प्रस्तुत लेखकास त्याच्या व्यवसायामुळे लक्षणीय वाटते. २८ फेब्रुवारीस प्रस्थान ‘असंभवनीय’ झाले, १७ मार्चला सहकार्य ‘स्थगित’ झाले, जुलैमध्ये ते ‘समाप्त’ झाले. रोव्हरला मंगळावर उतरविणाऱ्या रशियन मंचाचे नाव ‘काझाचोक’ असे होते. शब्दशः अर्थ ‘छोटा कझाक’; पण ते एका लोकनृत्याचेही नाव आहे, आणि त्या नृत्याचे मूळ युक्रेनच्या कझाकांत आहे. नाव ठेवणारांच्या मनात हा योगायोग खचितच नसावा.

मंच गेला, एवढेच झाले नाही. मंगळावरील रात्रीच्या थंडीत उपकरणे गोठू नयेत म्हणून किरणोत्सर्गी द्रव्यावर चालणारे लहान तापक लागतात. तेही रशियाचे होते, आणि युरोपकडे स्वतःचे नव्हते. अमेरिकन तापक घ्यावयाचे तर उड्डाण अमेरिकेतूनच व्हावयास हवे, अशी तेथील अट. म्हणून अग्निबाणही अमेरिकन. मे २०२४ च्या करारान्वये नासाने तापक, उड्डाण आणि अवतरणाची इंजिने देण्याचे मान्य केले. एक भागीदार बदलला की यानाची सारी रचना उसवावी लागते ती अशी. मंच आता युरोपने स्वतः बांधावयाचा आहे, त्यामुळेच २०२२ नंतरची पुढची संधी न धरता थेट २०२८ गाठावे लागले. रोव्हरवरील एका रशियन वर्णपटमापकाची जागा ब्रिटनमध्ये तयार होणाऱ्या ‘एन्व्हिस’ने घेतली. हा वेल्श शब्द आहे, अर्थ ‘इंद्रधनुष्य’.

आपल्या वाचकांस येथे चांद्रयान-२ आठवेल. त्याचे अवतरणयान २००७ च्या करारानुसार रशियाकडून यावयाचे होते. २०११ च्या अखेरीस रशियाची ‘फोबोस-ग्रुंट’ मोहीम फसली, रशियन यानाचा मुहूर्त पुढे जाऊ लागला, तेव्हा भारताने ते स्वतः बांधावयाचे ठरविले आणि २०१९ साली ते निघाले. ते उतरताना कोसळले हे खरे. तथापि २०२३ साली चांद्रयान-३ उतरले, ते याच स्वतंत्र प्रयत्नाच्या पायावर.

हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. या रोव्हरचा छिद्रक दोन मीटर खोल जातो. आजवरच्या रोव्हरांनी खडकात काही सेंटीमीटर एवढेच छिद्र पाडले आहे. मंगळाच्या पृष्ठभागावर येणारे प्रारण सेंद्रिय रेणूंचा नाश करते, म्हणून प्राचीन जीवसृष्टीची काही खूण उरली असेल तर ती खालीच उरण्याचा संभव अधिक. ऑक्सिया प्लॅनमची जुनी, चिकणमातीयुक्त भूमी याच हेतूने निवडली आहे.

मे २०२५ मध्ये अमेरिकी शासनाने नासाच्या विज्ञानखर्चात जवळजवळ निम्मी कपात सुचविली आणि हीही भागीदारी पुन्हा डळमळली. नोव्हेंबरात ब्रेमेन येथे मंत्र्यांची परिषद भरली, तेव्हा नासाने आपला वाटा कायम असल्याचे कळविले. सारे यथासांग झाले तर अवतरण २०३० मध्ये होईल. बर्लिनच्या बैठकीच्या वेळी पंचविशीत असलेला संशोधक तेव्हा पन्नाशीला पोहोचलेला असेल.