जागे मूल आणि चमचाभर औषध

“डॉक्टरसाहेब, लेकरू रातभर झोपत नाही जी. झोपेचं काही औषध द्या ना.”

चंद्रपूर-गडचिरोलीकडे दवाखान्यात बसलेल्या कोणालाही ही विनवणी ओळखीची वाटेल. लहान मुलांसाठी पातळ औषधे घडवण्याचे शास्त्र या विनवणीपासूनच सुरू करावे, असे मला वाटते. औषधनिर्माणाचे विद्यार्थी, तरुण डॉक्टर आणि गावोगाव फिरणाऱ्या आशाताई या सगळ्यांचे या विषयात स्वागत आहे. आत शिरण्यापूर्वी दोन प्रश्न मात्र सोबत घ्यावेत. मूल जागे का आहे? आणि औषध मोजणार कोण, कशाने?

पहिला प्रश्न न विचारल्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. मुंबईच्या गिरण्यांत पाळीला जाणाऱ्या आया तान्ह्यांना ‘बाळगोळी’ देत. तिच्यात अफू असे. 1920च्या दशकात गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा ही चाल किती सर्रास होती ते उघड झाले. दोष त्या आयांना देऊन भागणार नाही, कारण मूल सांभाळायला घरी कोणी नव्हते. इंग्लंडमध्येही त्याआधी अफूमिश्रित गोड पातळ औषधे घरोघरी होती. मूल गप्प पडले की ते झोपले, असे तेव्हा धरले जाई.

जंगलपट्ट्यात मूल जागे राहण्याची कारणे बहुधा झोपेबाहेरच सापडतात. खरजेची खाज रात्री वाढते. सुतासारखे बारीक जंत रात्रीच गुदद्वाराशी येऊन अंडी घालतात, म्हणून मूल तळमळते. मलेरियाचा ताप, खोकला, भूक ही कारणे आहेतच. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या मुलाचे हातपाय ठणकत असतील, तर त्याला गुंगी देणे म्हणजे दुखणे झाकणे. अशा वेळी खरजेचे मलम, जंताचे औषध किंवा वेदनाशामक हेच झोपेचे औषध ठरते. एरवी निरोगी मुलाची झोप बिघडली असेल, तर औषधाआधी झोपायची वेळ आणि सवयी सुधारायच्या असतात.

तरीही काही मुले उरतात. स्वमग्नतेसारख्या अवस्थांत मुलांची झोप खरोखरच विस्कटलेली असते आणि तेथे तज्ज्ञ मेलाटोनिनचा विचार करतात. हे संप्रेरक आपला मेंदू अंधार पडल्यावर स्वतःच तयार करतो. ते बाटलीत भरायला निघालो की निर्मात्याची परीक्षा सुरू होते. मेलाटोनिन पाण्यात फारसे विरघळत नाही आणि उजेडाने बिघडते. म्हणून बाटली तपकिरी लागते आणि सोबत बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखे द्रावक. मोठ्यांना निरुपद्रवी असणारे हे द्रावक तान्ह्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. युरोपातील औषध नियामकांनी त्याची दिवसाची मर्यादा वयानुसार सुचवली आहे. पहिल्या 28 दिवसांत ती दर किलो वजनामागे 1 मिलिग्रॅम, त्यानंतर पाच वर्षांचे होईपर्यंत 50 आणि पुढे 500 मिलिग्रॅम अशी आहे. दहा किलोच्या, पाच वर्षांखालच्या मुलाची दिवसाची मर्यादा या द्रावकाच्या जेमतेम अर्ध्या मिलिलिटरने गाठली जाते, असा याचा अर्थ.

द्रावकाकडे दुर्लक्ष केले तर काय होते, याला इतिहास साक्ष आहे. 1937 साली अमेरिकेत सल्फाचे पातळ औषध डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले गेले आणि शंभरावर माणसे दगावली. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याच विषाने भेसळलेल्या ग्लिसरिनने 14 रुग्ण गेले. लेंटिन आयोग त्याच्याच चौकशीसाठी नेमला होता. 2025 साली शेजारच्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलांचा बळी घेतला. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. त्या औषधाच्या तपासलेल्या नमुन्यात हेच विष 48.6 टक्के निघाले. औषधाचा गुण मूळ द्रव्यात असतो, पण घात पुष्कळदा ‘बाकीच्या’ घटकांतून होतो.

आता दुसरा प्रश्न. मोजणाऱ्याच्या हाताला जमेल असे माप कसे घडवावे, याचे उत्तम उदाहरण गडचिरोलीतच आहे, मग तिथे मोजायचे होते ते श्वास असले तरी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1988 पासून गावपातळीवर बालन्यूमोनियावर उपचार सुरू केले. औषध देणाऱ्यांत दायाही होत्या. न्यूमोनिया ओळखायला मुलाचे श्वास मोजावे लागत, पण त्यांतल्या अनेकींना पन्नासपर्यंत मोजता येत नसे. म्हणून मण्यांचे आणि वाळूच्या घड्याळाचे एक साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधीच मणी संपले आणि श्वास चालूच राहिला, तर न्यूमोनिया समजायचा. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. उपचार झालेल्या 612 मुलांत मृत्यूचे प्रमाण 0.8 टक्के होते, तर तुलनेच्या गावांत 13.5 टक्के. औषध होते को-ट्रायमॉक्साझोल, तेव्हाचे एक साधे प्रतिजैविक. औषध वेळेवर मुलाच्या तोंडात पडायचे, तर ते देणाऱ्या हाताला जमेल असे साधन आधी लागते.

हाच विचार सिकलसेलपर्यंत न्यायला हवा. त्यावरचे औषध हायड्रॉक्सियुरिया 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये सर्रास मिळते. दहा किलोच्या मुलाला दर किलोमागे 20 मिलिग्रॅम द्यायचे ठरले, तर दिवसाचे 200 होतात. मग आईने कॅप्सूल उघडून पाण्यात ढवळायची आणि अंदाजाने पाजायची? ही पेशींवर जहाल परिणाम करणारी पूड आहे, ती उघड्या हातांनी हाताळायची नसते. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याच्या बालसुलभ पातळ रूपासाठी उत्पादकांना साद घातली. मूल रात्री ठणक्याने उठू नये यासाठी ही बाटली मेलाटोनिनच्या बाटलीपेक्षा इथे अधिक गरजेची आहे.

ती बाटली चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, 46 अंशांत, फ्रिज नसलेल्या घरात टिकली पाहिजे. चव अशी हवी की मूल थुंकणार नाही, पण इतकी गोडही नको की एकट्याने बाटली संपवील. सूचना माडिया बोलणाऱ्या आईला चित्रांवरून कळल्या पाहिजेत. पातळ औषध असे टिकत नसेल, तर पाण्यात विरघळणारी गोळी बरी. जागतिक आरोग्य संघटनेचा कलही तिकडेच आहे.

पुढील पाने वाचण्याआधी एवढे करा. एखाद्या औषधाच्या मापी टोपीने 5 मिलिलिटर पाणी मोजा आणि घरातल्या दोन-तीन चमच्यांत आळीपाळीने ओतून पाहा. एखादा चमचा अपुरा भरेल, एखादा ओसंडून जाईल. डॉक्टरांनी लिहिलेला ‘एक चमचा’ त्या आईच्या घरी किती होतो, ते मग विचारा आणि वाचायला बसा.