पुरलेल्या पाण्याची निगा

करमाडच्या स्थानकाकडून छत्रपती संभाजीनगरास येऊं लागलें म्हणजे वाटेंत शेंद्र्याची नवी उद्योगनगरी लागते. तिच्या पहिल्या टप्प्याचें लोकार्पण २०१९ सालीं झालें. तेथील नळ, गटारें आणि विजेच्या तारा भूमीच्या उदरांत आहेत. तेथून कांहीं कोसांवर जुनें शहर आहे, आणि त्याच्याहि उदरांत चारशें वर्षांपूर्वींच्या नहरी आहेत. रस्त्यानें जाणारास यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. जें दिसत नाहीं त्याची प्रकृति कोणीं, कशी आणि केव्हां पाहावी, हा प्रश्न मात्र जुना आहे. आणि त्याचें एक उत्तर याच भूमींत सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी गांवीं राजधानी वसविली. जवळची खाम नदी लहान, पाऊस बेभरंवशाचा. तेव्हां त्यानें उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशीं जिरलेलें पाणी जमिनीखालूनच शहरांत आणलें. हीच नहर-ए-अंबरी. अंबर १६२६ मध्यें वारला. १६५३ नंतर औरंगजेबाच्या सुभेदारींत शहर वाढलें व पुढें आणखीहि नहरी निघाल्या. अठराव्या शतकांतील पाणचक्की ही त्याच परंपरेंतली. डोंगरांतून मातीच्या नळांनीं आलेलें पाणी तेथें एका उंच भिंतीवर चढतें, आणि खालीं कोसळून चक्कीचें जातें फिरवितें.

या कामांचें कौतुक करतांना प्रवासी बहुधा भिंतीवरून पडणारी धार पाहून थांबतात. आमच्या मतें खरें चातुर्य अन्यत्र आहे. नहरीवर ठराविक अंतरानें उभीं विवरें ठेविलेलीं असत. त्यांतून माणूस आंत उतरे, गाळ उपसून वर काढी, व आंत हवा खेळे. जेथें पाणी नळांतून जाई तेथें मध्यें मध्यें दगडी स्तंभ उभारलेले असत. पाणी अशा स्तंभांत वर चढून पुन्हां खालीं उतरे, त्यामुळें कोंडलेली हवा सुटे व नळावरचा दाब वाढत नसे. मातीचा नळ फुटूं नये याची ही तजवीज होती. शिवाय, एका स्तंभांत पाणी तुंबलेलें आणि पुढच्यांत धार क्षीण झालेली दिसली, तर दोहोंमध्यें कोठें तरी अडथळा आहे हें खोदल्यावांचून कळूं शकतें. पुण्यास पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावाचें पाणी आणलें, त्या वाटेवरील अशा विवरांस उच्छ्वास म्हणतात. नळालाहि श्वास हवा, हें ज्यानें जाणलें त्यानें तो नळ पुरून टाकण्याची वस्तु मानली नव्हती.

यावरून जुनें तें सर्व सोनें, असें आमचें म्हणणें नाहीं. नहरींचें पाणी वाडे, मशिदी आणि हौद यांस प्रथम मिळे. आजच्या लाखों वस्तीस तें पुरणारेंहि नव्हे. परंतु त्या नहरी निरुपयोगी कशा झाल्या, तें लक्षांत घेण्याजोगें आहे. विवरें बुजलीं, कित्येकांवर बांधकामें झालीं, झाडांचीं मुळें आंत शिरलीं, विंधनविहिरींनीं भूगर्भांतील पाणी खालीं ओढलें, आणि सांडपाणी मिसळूं लागलें. ज्या दिवशीं विवर बुजतें त्या दिवशीं नहर मरत नाहीं. पण तिचा रोग कळण्याचा मार्ग त्या दिवशीं बंद होतो.

पैठणच्या जायकवाडी धरणाचें १९७६ मध्यें उद्घाटन झालें आणि पुढें शहर गोदावरीच्या पाण्यावर विसंबलें. चाळीस किलोमीटरांहून अधिक अंतरावरून पाणी पंपांनीं चढवून आणावें लागतें. अशा नळांत दाब फार असतो, म्हणून लहान चीरहि पुष्कळ पाणी वाया घालविते. ती शोधण्याच्या रीति ठाऊक आहेत: रात्रीं रहदारी थंडावली म्हणजे नळावर कांडी टेकून कानानें गळतीचा आवाज ऐकणें, दोन टोकांस मापक बसवून मधली तूट काढणें, गटारांत छायायंत्र सोडून भेगा पाहणें. परंतु याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. कित्येक दिवसांच्या अंतरानें पाणी सोडलें जातें, तेव्हां मधल्या काळांत नळ रिता राहतो. आणि शेजारीं गटार पाझरत असल्यास त्याच चिरेवाटे घाण आंत ओढली जाते. १८५४ सालीं लंडनमध्यें डॉ. जॉन स्नो यांनीं पटकीचा संबंध एका पंपाच्या पाण्याशीं जोडून दाखविला, तो धडा येथेंहि लागू आहे. गळती हा केवळ पाण्याचा नव्हे, प्राणांचा प्रश्न आहे.

आणि प्राण केवळ पिणाराचेच जातात असें नाहीं. गटार तुंबलें म्हणजे त्यांत माणूस उतरविण्याची चाल आहे; विषारी वायूनें तो गुदमरतो. २०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून असें उतरविणें दंडनीय ठरविलें, तरी मृत्यु थांबलेले नाहींत. वेळेवर केलेली तपासणी ही या दृष्टीनें दयेचीच एक रीत होय.

कोणी म्हणेल, जुनें दुरुस्त करीत बसण्यापेक्षां नवा, मोठा नळ घालावा. घालावा, शहर वाढल्यावर तो लागतोच. पण नव्या नळाचें उद्घाटन होतें, दुरुस्तीचें होत नाहीं. म्हणून एकास पैसा मिळतो व दुसरी तशीच राहते. तपासणीवांचून नवा नळ म्हणजे पुढच्या पिढीस दिलेला जुना नळ, एवढेंच.

शेंद्रा-करमाडकडील नळ अजून तरुण आहेत. कोणता नळ कोठें, किती खोल, कशाचा व कोणत्या सालचा, याचा नकाशा व प्रत्येक दुरुस्तीची नोंद राखण्यास हाच काळ योग्य आहे. चाळीस वर्षांनीं तो नकाशा करूं म्हटलें, तर प्रत्येक ओळीसाठीं रस्ता खणावा लागेल. अंबराच्या कारागिरांनीं नहर बांधली तेव्हांच तींत उतरण्याची वाट ठेविली. आम्हीं त्यांच्याकडून निदान तेवढें शिकावें.