भेंडवळचा घट

मोठ्या शहरांतून हल्लीं एक नवी कला आली आहे. अंधाऱ्या दालनाच्या भिंतींवर व जमिनीवर संगणकाच्या साह्यानें प्रकाशचित्रें सोडतात, आणि प्रेक्षक चित्रासमोर नव्हे, तर चित्राच्या आंत उभा राहतो. व्हान गॉग या डच चित्रकाराचीं चित्रें २०२३ सालीं मुंबईंत अशाच रीतीनें दाखविलीं गेलीं. आपल्या सणवारांनाही ही कला हात घालील. त्या वेळीं बुलढाणा जिल्ह्यांतील एका जुन्या चित्राचें काय होईल, हा प्रश्न मला पडतो.

तें चित्र म्हणजे जळगाव जामोद तालुक्यांतील भेंडवळची घटमांडणी. सुमारें ३५० वर्षांपूर्वीं चंद्रभान महाराज वाघ यांनीं ती सुरू केली, असें परंपरा सांगते. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळीं गांवाबाहेरच्या शेतांत १८ धान्यांचें वर्तुळ मांडतात. मध्यें खड्डा, त्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचीं चार ढेकळें, त्यांवर पाण्यानें भरलेली घागर, म्हणजे समुद्र. पुरी ही पृथ्वी, करंजी ही राज्याची तिजोरी, विडा म्हणजे राजा, मसूर म्हणजे परचक्र, भादली म्हणजे रोगराई. पापड, कुरडई, सांडोई याही तेथें असतात. राजा, शत्रु आणि समुद्र या सर्वांना माजघरांतल्या जिनसांत बसविणारी ही बुद्धि खास शेतकऱ्याच्या घरचीच! रात्रभर तेथें कोणी फिरकत नाहीं. पहाटे कोणतें ढेकूळ भिजलें, कोणतें धान्य विखुरलें, हें पाहून वर्षाचें भाकीत सांगतात.

त्या भाकिताला शास्त्राचा आधार नाहीं, हें मी वर्गांतही सांगत असें. पेरणीचा निर्णय त्यावर सोपवूं नये. परंतु इतिहास म्हणून हा घट वाचण्याजोगा आहे. अंबाडी, जवस, करडी, भादली, लाख हीं वऱ्हाडच्या जुन्या शेतांतलीं नांवें. लाखेच्या अतिसेवनानें पाय लुळे पडतात म्हणून १९६१ सालीं तिच्या विक्रीवर बंदी आली. घटांतलें तिचें स्थान मात्र गेलें नाहीं. उलट ज्या सोयाबीननें गेल्या कांहीं दशकांत जिल्ह्याचा खरीप व्यापला, तें त्या १८ नांवांत नाहीं.

प्रकाशचित्रकारांनीं हें वर्तुळ अवश्य दाखवावें. भादली हें बारीक तृणधान्य ज्या मुलांनीं कधीं पाहिलें नाहीं, त्यांना निदान तें दिसेल. पण त्यांच्या यंत्रांत कोणता दाणा कोठें सरकेल, हें आधींच ठरलेलें असतें. भेंडवळच्या शेतांत तो वारा हलवितो, मुंगी नेते, आणि सोयाबीन पेरणारे शेंकडों शेतकरी उजाडण्याची वाट पाहत असतात.